साहेबांच्या डायरीतला रविवार

आमच्याकडं डायरी विकत घेत नाहीत. डायरी येते. थंडी येते, सर्दी येते, तशी डिसेंबरच्या शेवटी डायरी येते. ज्याच्या घरी येत नाही त्याच्याकडं गाव वेगळ्याच नजरेनं बघायला लागतं. एखाद्याचा जावई दिवाळीला आला नाही की बघतात तसं. नगर जिल्ह्यात माणसाची पत सातबाऱ्यावर ठरते असा बाहेरच्यांचा समज आहे. साफ चूक. ती ठरते एक जानेवारीला सकाळी, चहाच्या टपरीवर, काखेत कुणाची डायरी आहे त्यावरून.

मी एकदाच, फक्त एकदाच, गावच्या दूध संस्थेचा चेअरमन झालो. पुढच्या निवडणुकीत असा पडलो की माझं स्वतःचं मत कुठं गेलं ते मला अजून सापडलेलं नाही. पण आमच्याकडं 'चेअरमन' हा शब्द गोंदणासारखा आहे, एकदा टोचला की निघत नाही. त्यामुळं मला अजून डायरी येते. एक नाही, दोन येतात. एक तालुक्याच्या दूध संघाची, म्हणजे साहेबांची. दुसरी पतसंस्थेची, म्हणजे दादांची. साहेब आणि दादा एकमेकांचे वैरी. तालुका कोणता ते सांगत नाही. सांगितला तर पुढच्या डिसेंबरात दोन्ही यायच्या बंद होतील, आणि मग या वयात मी काखेत काय धरून फिरू?

साहेबांची डायरी म्हणजे नुसतं बघत राहावं. काळं रेक्झिन, आत स्पंज, वर सोनेरी अक्षरं, मधे लाल फीत. उशाला घेतली तर मान आखडत नाही, हा माझा अनुभव. उघडली की पहिल्या पानावर साहेब. दुसऱ्या पानावर साहेब वासराला कुरवाळताना, वासरू घाबरलेलं. मग साहेब फीत कापताना, साहेब मंत्र्याच्या मागं तिसऱ्या रांगेत आणि त्यांच्या डोक्याभोवती शाईनं काढलेला गोल, साहेब झाड लावताना. जुन्या डायऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघा. झाड तेच, खड्डा तोच, झारी तीच. वाढला तो फक्त साहेबांच्या शर्टाचा नंबर. एका पानावर आमचं गावही आहे, हिवरे बाजारच्या अभ्यास सहलीचं. पाणी कसं अडवायचं ते शिकायला साहेबांनी आम्हाला तिथं नेलं, आणि आम्ही येताना कोणत्या धाब्यावर गाडी थांबवायची ते शिकून आलो. हे सगळे फोटो उलटत उलटत एक जानेवारीपर्यंत पोचायचं म्हणजे अंगठ्याला घट्टे पडतात.

दादांची डायरी अंगानं बारीक. ठेवीदारांना उत्तरं देण्यात कागद संपला असेल, असं टपरीवर बोलतात. मी बोलत नाही, माझीही थोडी ठेव तिथं आहे.

आता दोन डायऱ्या आणि काख एक. उजवी साहेबांना दिली तर डावी दादांना देता येते, असं तुम्ही म्हणाल. पण दोन्ही काखेत डायऱ्या घेतलेला माणूस चहाचा कप कशानं धरणार? माझ्या एका चुलतभावानं दोन्ही डायऱ्या पाठीला पाठ लावून चिकटवल्या. साहेबांचा माणूस दिसला की ही बाजू वर, दादांचा दिसला की ती. एकदा चौकात दोन्हीकडून दोन्ही गट आले. गड्यानं डायरी डोक्यावर धरली आणि म्हणाला, "लई ऊन हाय बुवा." आभाळ असं भरून आलं होतं की दुकानदारांनी दिवे लावले होते.

असल्या या मुलखात, गेल्या वर्षीच्या डिसेंबरात, माझ्या पोरीनं जाहीर केलं की ती डायरी विकत घेणार आहे.

"विकत? पैशे देऊन?" मी म्हणालो.

"न्हाई, दूध घालून," तिची आई चुलीपुढून म्हणाली. पोरीला उत्तर द्यायची वेळच आली नाही.

पोरगी नागापूरच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. क्वालिटी म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. घरात हे काम तिची आई फुकट करत आली. पोरीचं लग्न ठरलं होतं. मुलगा राहात्याकडचा, तारीख फेब्रुवारीतली, रविवार, मुहूर्त दुपारी साडेबारा. आणि पोरीची एकच अट होती, मांडव नको की घोडा नको असली नव्हे: लग्न साडेबाराला म्हणजे साडेबाराला लागलं पाहिजे. अक्षता पडायच्या आधी कुठल्याही पुढाऱ्यानं माइक हातात घेतला, तर ती स्टेजवरून खाली उतरणार.

ही अट बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. आमच्याकडं लग्न नवरानवरीचं नसतं. मुहूर्त गुरुजी काढतात, पण तो लागतो पुढारी आल्यावर. ते येतात, खाली रिकामी खुर्ची दिसली तरी वर स्टेजवर जातात, 'शुभाशीर्वादपर दोन शब्द' म्हणून सुरू होतात, आणि दुधाच्या फॅटपासून निघून परराष्ट्र धोरणापर्यंत जाऊन येतात. तोवर अंतरपाट धरणाऱ्यांचे हात गळून पडतात. माझ्या थोरल्या भावाच्या पोरीच्या लग्नात भाषणं इतकी चालली की मंगलाष्टकांना उभी केलेली नवरी चक्कर येऊन कोसळली. निवेदकानं माइकवर सांगितलं, "साहेबांचे विचार ऐकून वधू भावनाविवश झालेली आहे," आणि टाळ्या पडल्या. त्या नवरीला दंडाला धरून उभी असलेली करवली म्हणजे आमची पोरगी. तिच्या डोक्यातून ते गेलेलं नाही.

माझं दुखणं उलटं होतं. पोरीच्या लग्नाला साहेब आले नाहीत तर लोक काय म्हणतील? गावात सगळ्यांच्या लग्नाला साहेब आले. ज्याची एकच शेळी आहे त्याच्याकडंही आले. आणि चेअरमनच्या पोरीच्या लग्नाला नाहीत? मी पोरीला 'बरं बरं' म्हणालो. घरातल्या घरात 'बरं बरं' म्हणायला मतदान लागत नाही.

तर डायरी. आम्ही दोघं नगरला बाजारातल्या एका दुकानात गेलो. मी मुद्दाम गेलो, म्हटलं बघू तरी पैसे घालून काय मिळतं. दुकानदारानं काउंटरवर चळत मांडली. पोरीनं एकेक डायरी हातात घेऊन अशी तपासायला सुरुवात केली की मला त्या डायऱ्यांची दया आली. पानावर पेन टेकवून मागं शाई उतरते का बघितलं. उघडून काउंटरवर पालथी टाकली, शिवण तुटते का बघितलं. मग विचारलं, "रविवार अर्ध्या पानाचा न्हाई ना?"

"न्हाई ताई, रविवारला पूर्ण पान. आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या रेघा मारल्यात."

मी तोवर एक निळ्या कापडी पुठ्ठ्याची डायरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत दोनदा उलटली.

"यात फोटो कुनाचा हाय?" मी विचारलं.

"कुनाचाच न्हाई."

"मग ही कुनाकडून हाय?"

"कुनाकडून म्हंजे? कंपनी बनवती, आमी विकतो."

"म्हंजे ही घेऊन कुठं गेलं तर समोरच्याला कसं कळायचं, आपन कुनाचे?"

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं, मग पोरीकडं. पोरगी म्हणाली, "काका, ही निळी द्या. आणि माझे पप्पा आजारी न्हाईत, ते असेच हायेत."

घरी येऊन तिनं त्या निळ्या डायरीत तो रविवार उघडला आणि त्याची अशी खांडोळी केली की मी तोंडात बोट घातलं. सहाला पाणी तापवणं. सातला हळद. साडेअकराला वऱ्हाड कार्यालयात. बाराला अंतरपाट, अक्षता वाटप. साडेबाराला लग्न. साडेबारापुढं दोनदा रेघ मारली. तिच्या कंपनीत नट-बोल्ट वेळेवर बाहेर पडतात, म्हणून तिला वाटतं माणसंही पडतील.

मीही गप्प बसलो नाही. रात्री जेवल्यावर दोन्ही डायऱ्या समोर घेऊन बसलो. या खेपेला निवड झालीच पाहिजे होती. दादांना बोलावलं तर साहेब येत नाहीत, साहेबांना बोलावलं तर दादा येत नाहीत. दोघांना एका मांडवात आणणं म्हणजे दोन वळू एका गोठ्यात बांधणं, गोठाच जायचा. मी दोन्ही डायऱ्या हातात तोलल्या. साहेबांची जड भरली. लोकशाहीत याहून जास्त विचार करून कुणी निर्णय घेत असेल असं मला वाटत नाही.

साहेबांची डायरी घेतली, फेब्रुवारी काढला, तो रविवार उघडला, आणि बघतो तर रविवारच नाही.

म्हणजे होता, पण त्याच्यावर युवा नेते बसले होते. युवा नेते म्हणजे साहेबांचे चिरंजीव. वय विचारू नका. केसाला काळा रंग मिळतो तोवर आमच्याकडं नेता युवाच असतो. त्या दिवशी त्यांचा वाढदिवस. म्हणून छापणाऱ्यानं ते अख्खं पान त्यांना दिलं होतं: पांढऱ्या घोड्यावर युवा नेते, डोळ्याला काळा चष्मा, मागं दूध संघाची इमारत, वर शुभेच्छा. तारीख होती, पण घोड्याच्या मागच्या खुराखाली, इतकी बारीक की घोड्यालासुद्धा टोचली नसती. लिहू कुठं? युवा नेत्यांच्या कपाळावर 'लग्न' लिहिलं असतं तर माझी वर्षाची दूध बिलं अडकली असती. म्हणून मी शहाणपणा केला. पुढचं सोमवारचं पान कोरं होतं. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं, 'मुलीचे लग्न, साडेबारा', आणि तिथून मागं खुराकडं एक छोटासा बाण काढला.

दुसऱ्या दिवशी ती डायरी काखेत मारून साहेबांच्या ऑफिसला गेलो. माणसांची ही गर्दी. साहेबांचे पीए दोन फोन दोन कानांना आणि तिसरा हनुवटीखाली धरून बसलेले. मी डायरी त्यांच्या टेबलावर ठेवली, सोनेरी अक्षरं त्यांच्याकडं करून. म्हणजे कळावं, आपण कुणाची वापरतो.

"बोला चेअरमन."

"मुलीचं लग्न हाय. साहेब आले पायजेत."

"येणार की. तुमच्याकडं न्हाई येणार तर कुनाकडं? पत्रिका मागनं द्या, आधी तारीख चढवून घेतो. द्या इकडं."

त्यांनी माझी डायरी ओढली, लाल फीत होती तिथं उघडली, 'मुलीचे लग्न' वाचलं, पानावरची तारीख बघितली आणि आपल्या डायरीत उतरवून घेतली. बाण मात्र बघितला नाही. आणि मी? मी त्या वेळी भिंतीवरचा फोटो बघत होतो. साहेबांच्या मागं उभ्या असलेल्या माणसांत एक कान माझ्यासारखा दिसत होता, तो माझाच आहे का ते ठरवत होतो.

"झालं," पीए म्हणाले. "साहेब येणार म्हंजे येणार."

पत्रिका मी नंतर नेऊन दिली. ती पत्रिकांच्या ढिगावर पडली. त्या ढिगावर एक मांजर बाळंत झालेलं मी पाहिलं आहे. कुणी ते हलवलं नाही.

लग्नाचा रविवार उजाडला. कार्यालय सजलं. साडेअकराला राहात्याचं वऱ्हाड हजर, कारण पोरीनं त्यांनाही वेळापत्रक पाठवलं होतं. आमच्या बाजूची माणसं म्हणाल तर गुरुजी, आचारी, करवल्या आणि बायकोची माहेरची मंडळी. बाकी गाव घरीच. पत्रिकेत साडेबारा लिहिलं की आमचं गाव दोनला अंघोळीचं पाणी ठेवतं. साहेब येणार म्हटल्यावर तर बरेच जण पाणी भरायला विहिरीवर गेले असतील.

बारा वाजले. मी गेटवर उभा. धुरळा दिसला की साहेब, असं समजून पुढं पळायचो, टेम्पो निघायचा. शेवटी पीएंना फोन लावला. पलीकडं ढोल-ताशा, फटाके, आणि कुणीतरी युवा नेत्यांच्या नावानं ओरडत होतं.

"साहेब कुठवर आलेत?" मी ओरडलो.

"चेअरमन, आज लई गडबड हाय! उद्या! उद्या!" आणि फोन बंद.

राजकारणात मुरलेल्या माणसाला 'उद्या' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. तरी आशा सुटली नाही. निवेदकाला खूण केली, ओढ जरा. त्यानं माइक घेतला आणि "थोड्याच वेळात आपल्या सर्वांचे लाडके…" असं सुरू केलं.

मी स्टेजकडं बघितलं. पोरगी शालूत उभी. हातात निळी डायरी. लोक म्हणतात ती करवलीच्या हातात होती. मी म्हणतो तिच्याच. तिनं घड्याळ बघितलं, मग मला बघितलं, आणि स्टेजच्या पायरीवर एक पाय खाली टाकला.

मी धावत गेलो. "अगं, साहेब वाटंला लागलेत."

"कुठल्या वाटंला?"

"येतीलच."

"पप्पा, ताईला मी धरलं हुतं. तुमी टाळ्या वाजवत हुता." आणि दुसरा पाय उचलला.

तिच्या मागं नवरदेवही मुंडावळ्या सावरत उतरायला निघाला. लग्नाआधीच ज्याला एवढं वळण लागलंय असला जावई साऱ्या जिल्ह्यात मिळायचा नाही, हा विचार माझ्या मनात आला. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष पोरीच्या पायाकडं होतं. पायरीवर टाकलेला पाय मेंदीनं रंगलेला होता आणि थरथरत होता. ती भांडायला उतरत नव्हती. ती घाबरली होती, आणि तरी उतरत होती.

मी निवेदकाच्या हातातला माइक काढून घेतला. वायरीसकट. गुरुजींना म्हणालो, "लावा."

साडेबाराला लग्न लागलं. आमच्या पंचक्रोशीत पत्रिकेतल्या वेळेला लागलेलं ते पहिलंच लग्न. सनईवाल्याचा भात अजून तोंडात होता, त्यामुळं सनई जरा घोगरी वाजली. दोननंतर गाव यायला लागलं, नवे फेटे, इस्त्रीचे शर्ट. आणि बघतं तर नवरानवरी जेवून पान खात बसलेली. जे काही चिडले लोक! एका भावकीवाल्यानं तर मला धरलंच.

"चेअरमन, ही काय पद्धत झाली? आमाला वगळून उरकलं व्हय?"

"पत्रिकेत वेळ हुती."

"पत्रिकेत वेळ अस्ती म्हनून काय त्याच वेळेला लावायचं?"

मी त्याला दंडाला धरून पंगतीत नेऊन बसवलं.

पोरगी राहात्याला गेली. दुसऱ्या दिवशी घर असं रिकामं झालं की कोंबड्यासुद्धा हळू बोलत होत्या. साहेब आले नाहीत हे गावभर झालं होतं, त्यामुळं मी टपरीवर गेलो नाही. दुपारी बायको म्हणाली, "कार्यालयात आपला पितळी हंडा ऱ्हायलाय, चला." आम्ही दोघं गेलो. ती घरच्या विटक्या लुगड्यात, मी बनियनवर टॉवेल टाकून. आत आचाऱ्याच्या बायका कढया घासत होत्या, खुर्च्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. बायको हंडा हातात घेते तोच बाहेर गाड्या वाजल्या. एकामागून एक, पांढऱ्या, लांबच्या लांब रांग. त्यातून साहेब उतरले. मागं पीए, हार, शाल, फोटोवाला.

साहेबांनी मांडवाकडं बघितलं, खुर्च्यांकडं बघितलं, कढयांकडं बघितलं.

"चेअरमन, वऱ्हाड कुठंय?"

पीएंनी आपली डायरी काढली. "साहेब, आजचंच हाय. यांच्याच डायरीतनं उतरवलंय." मग मीही पळत जाऊन माझ्या गाडीच्या डिकीतून माझी डायरी आणली आणि दाखवली. सोमवारच्या पानावर 'मुलीचे लग्न'. तिथून निघालेला बाण मागं, घोड्याच्या खुरापाशी.

"मग रविवारी का न्हाई लिहिलं?" साहेबांनी विचारलं.

पीएंनी पान उलटलं. युवा नेते, घोडा, काळा चष्मा. साहेब बघत राहिले. पीए बघत राहिले. रविवार पोरानं खाल्ला, हे साहेबांना सांगायला त्या कार्यालयात एकही माणूस तयार नव्हता, आणि मी तर मुळीच नव्हतो. कढई घासणारी बाईसुद्धा हात थांबवून उभी राहिली.

पण साहेब ते साहेब. आणलेला हार परत नेलेला माणूस राजकारणात टिकत नाही. ते म्हणाले, "असू द्या. हार हायेत, फोटोवाला हाय. नवरानवरी न्हाईत तर यजमान हायेत. वैनींना घ्या वर."

मी काही बोलायच्या आत पीएंनी आम्हा दोघांना स्टेजवर चढवलं. बायकोच्या हातातला हंडा कुणीतरी काढून घेतला, तिच्या गळ्यात हार पडला, माझ्या गळ्यात पडला. आचाऱ्याच्या बायकांनी उरलेल्या अक्षता उधळल्या, आणि साहेबांनी माइक मागितला. माइक नव्हता, काल मी वायरीसकट उपटला होता. साहेब तसेच बोलले. पाठ असलेलं भाषण माणूस बघून बदलत नाही. नवदाम्पत्यानं कुटुंब छोटं ठेवावं. नवरदेवानं व्यसनांपासून लांब राहावं. हे वाक्य आलं तेव्हा मी दाढेखालची तंबाखू गिळली. नववधूनं सासरची गोडी लावून घ्यावी. सूर्य मावळतीला लागला तेव्हा साहेब दुधाच्या निर्यातीवर आले होते.

बायको हाराच्या आडून माझ्या कानाशी म्हणाली, "उरका म्हनावं आता. धारा ऱ्हायल्यात. आन् ह्यो नवरा मला परत नकोय, हे पन सांगा त्यास्नी."

यंदाच्या डिसेंबरात साहेबांची डायरी आली. जाड, काळी, सोनेरी. मी अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटत गेलो. वासराच्या पुढं, झाडाच्या अलीकडं, अख्ख्या पानावर आम्ही दोघं. मी टॉवेलावर, बायको विटक्या लुगड्यात, मागं कढया. खाली ओळ: 'नवदाम्पत्यास शुभाशीर्वाद देताना साहेब'. टपरीवर अजून विचारतात, "चेअरमन, दुसरी बायको कुठली केली?" मी म्हणतो, पहिलीच्याच माहेरची.

बायकोनं तो फोटो निरखून बघितला. म्हणाली, "माझा एक डोळा मिटलाय," आणि डायरी गव्हाच्या कोठीखाली पाचर म्हणून लावली. कोठी आता डुगडुगत नाही. पोरीनं तिलाही एक निळी डायरी पाठवली आहे. त्यात ती गायी वळूला कधी लावल्या, कधी वितील ते लिहिते. रविवारचं पान पूर्ण आहे. गायींना रविवारचं काही नसतं, पण ते भरत आलं आहे.

परवा पोरगी आली होती, दिवस भरत आलेत. जानेवारीत बाळंत होईल, मग बारसं. तिनं आईची निळी डायरी मांडीवर घेतली, डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासून बारावा दिवस मोजून तिथं जागा राखून ठेवली आणि मला म्हणाली, "पप्पा, साहेबांना बोलवायचं न्हाई."

"बोलवायलाच लागंल," मी म्हणालो. "डायरीत फोटो हाय आपला. पन पीएला मी बारशाच्या दुसऱ्या दिवसाची तारीख देनार हाय."

पोरगी इतकी हसली की तिच्या आईनं तिला खाली बसायला लावलं. मग हसू आवरत म्हणाली, "पन साहेब दुसऱ्या दिवशी आल्यावर पाळन्यात कुनाला झोपवनार?"

मी एवढा पुढचा विचार केला नव्हता. मात्र तेव्हापासून बायको माझ्याकडं बघते, माळ्यावरच्या पाळण्याकडं बघते, आणि मला विचारते, "तुमचं वजन किती हो?"